दुसरं वंदन

नळाला पाणी आलं होतं, म्हणून सगळं घर पळत होतं आणि मी एकटीच बसून होते. आमच्या शहरात नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी दुखणं, पाहुणे, ड्युटी सगळं बाजूला सरतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मनकर्णाबाई, रबरी नळी एका ड्रममधून काढून दुसऱ्यात सोडत होत्या. सासरे, अप्पा, गच्चीवर टाकीच्या कडेला उभे राहून ‘अर्धी झाली, चालू ठेवा अजून’ असं वरून सांगत होते. बाथरूममधली तोटी उघडी, मोरीतली उघडी, अंगणातली उघडी, आणि माझ्या मांडीवर खेमा, माझी काही महिन्यांची लेक, झोपेतून जागी होत होती. तिनं डोळे उघडले. मग तिची मान एकदम पुढं आली, दोन्ही हात उचलले जाऊन छातीसमोर जवळ आले, गुडघे पोटाशी ओढले गेले आणि ती क्षणभर तशीच राहिली, आतून कुणी दोरी ओढून धरावी तशी. सुटली. रडायला तोंड वाकडं केलं, तेवढ्यात पुन्हा मान पुढं, पुन्हा हात जवळ. हे मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. कितीतरी सकाळी पाहिलं होतं, अप्पांच्या मांडीवर, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंसमोर, आणि सगळ्यांबरोबर हसलेही होते. पण आजवर मी ते नुसतं पाहिलं होतं. आज ते माझ्या मांडीला लागलं. एक बारीक, घट्ट धक्का तिच्या अंगातून माझ्या अंगात आला, आणि तो तिचा वाटला नाही. मूल दचकतं तेव्हा हात बाहेर फेकतं, कुणाला तरी धरायला. हे हात आत येत होते आणि कुणालाच धरत नव्हते. मी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे उघडे होते, आणि तिथं मी नव्हते.

‘हलवू नको, हलवू नको तिला.’ अप्पा जिन्यातून अर्धे खाली आले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात मोबाइल. ‘बघ कशी वंदन करती. जागी झाली की आधी वंदन. आपल्याला साठ वर्षांत जमलं नाय ते.’

‘अप्पा, तिला काहीतरी होतंय.’

‘व्हय. संस्कार होतेत,’ ते म्हणाले आणि मोबाइल आडवा धरला.

अप्पा चमत्कार मानत नाहीत. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेला माणूस. गाडी सुरू होत नसेल तर डिझेल बघायचं, लिंबू नाही बांधायचं, हे ते अजूनही तावातावानं सांगतात. आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, काळा दोरा नाही. आत्याबाईंच्या बहिणीनं खेमाच्या गालाला लावलेली तीट त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसली होती. म्हणून तिनं पहिल्यांदा हात जोडले तेव्हा ते भारावून वगैरे गेले नाहीत. ते माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तूच सांगितलं होतं ना?’ मी सांगितलं होतं. खेमा पोटात असताना कॉलेजातले तासिका तत्त्वावरचे तास मी सोडले होते, आणि दुपारच्या वेळी घरात अप्पा आणि मी दोघंच जागे असायचो. एमएस्सीला माझं प्राणिशास्त्र होतं, आणि सेमिनार दिला होता तो मेंदूतल्या ग्लुटामेट रिसेप्टरवर. एक पेशी दुसरीला निरोप धाडते तो ग्लुटामेट नावाच्या रसायनानं, आणि ते ज्याच्यावर येऊन बसतं तो रिसेप्टर म्हणजे पेशीच्या भिंतीत बसवलेली तोटीच समजा, असं मी त्यांना सांगायला लागले आणि तोटी म्हटल्यावर अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. बाळाच्या तोट्या आणि आपल्या तोट्या सारख्या नसतात, मी म्हटलं. आपली उघडली की लगेच मिटते. बाळाची उघडली की जरा वेळ उघडीच राहते, जास्त आत येऊ देते. म्हणून दोन गोष्टी बरोबर घडल्या, आईचा आवाज आणि दुधाचा वास समजा, की त्यांची गाठ पक्की बसते. मग महिन्यामहिन्यानं जुन्या तोट्या निघतात आणि नव्या बसतात. ‘म्हणजे आधी ढिला वॉशर, मंग टाइट,’ अप्पा म्हणाले. तसंच काहीसं, मी म्हटलं. ‘आन् बसवतं कोण?’ पेशी स्वतःच. ‘बिनपगारी?’ आम्ही दोघं एवढं हसलो होतो की आत्याबाई उठून बसल्या. त्यानंतर खेमा झाली, आणि सव्वा महिना उलटल्यावर अप्पांनी रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन त्रिशरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली, सावकाश, तिचे दोन्ही हात आपल्या हातात जोडून. वॉशर टाइट व्हायच्या आत.

पण त्या सेमिनारला आणखी एक अर्धा भाग होता. ज्या तोटीमुळं बाळ शिकतं त्याच तोटीमुळं त्याच्या मेंदूत पूरही चटकन येतो; आमच्या घरात पाण्याच्या दिवशी एकीकडं नळी फिरवेपर्यंत दुसरीकडं ड्रम वाहायला लागतो, तसा. उंदराच्या पिल्लांचे आलेख होते त्यात, ठरावीक दिवसांच्या पिल्लांनाच झटके सहज येतात, त्याआधी तितके नाही, नंतरही नाही. माझी वेळ संपत आली होती, सरांनी घड्याळाकडं पाहून ‘पुढं घ्या’ म्हटलं, आणि मी ती स्लाइड न बोलता सरकवली होती. आता मांडीवर खेमा पाचव्यांदा की सहाव्यांदा वाकत होती आणि ती स्लाइड माझ्यासमोर आली ती तिच्या निळ्या रंगासकट, कोपऱ्यातल्या चुकलेल्या पृष्ठक्रमांकासकट. मेंदूला काय कुठं ठेवायचं ते माहीत असतं, फक्त तो आपल्याला विचारत नाही.

तेव्हापासून मी पाहायला लागले. म्हणजे आधीही पाहतच होते, आई दुसरं काय करते. पण आता मी पाहणं सोडू शकेना. भाजी चिरताना, अंगावर पाजताना, दारात आलेल्या बाईशी बोलताना माझा एक डोळा तिच्यावर असायचा, आणि झोपेतून उठण्याच्या त्या घटकेला तर मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. ते उठल्यावरच यायचं. एकटं यायचं नाही, ओळीनं यायचं, आणि ओळ संपली की ती थकून रडायची. त्याहून वाईट ते होतं जे येत नव्हतं. तिचं हसू. दोन-अडीच महिन्यांची असताना ती फिरणाऱ्या पंख्याला हसायची, संघपालच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, कंपनीच्या निळ्या शर्टाला हसायची, माझ्या शिंकेला तर खदखदून. कधी थांबलं? कोणत्या दिवशी? लेकराच्या पहिल्या हसण्याचा दिवस सगळ्यांना आठवतो, शेवटच्या हसण्याचा कुणी लक्षात ठेवत नाही, कारण ते शेवटचं आहे हे माहीत नसतं. मी आता मुद्दाम शिंकून दाखवत होते. ती माझ्यामागच्या भिंतीकडं पाहायची. ‘शांत झाली बाई आता लेक,’ शेजारच्या दीपमालाताई कौतुकानं म्हणायच्या, ‘समजदार झाली.’ हा शब्द ऐकला की मी खेमाला दुसऱ्या खांद्यावर घ्यायचे आणि आत निघून जायचे.

टीव्ही सेंटरकडच्या ज्या मुलांच्या डॉक्टरांकडं आम्ही लसीला जायचो त्यांनी पोट दाबून पाहिलं, गॅस आहे म्हणाले, पाजल्यावर खांद्यावर घ्या म्हणाले. खेमा तिथं एकदाही वाकली नाही. संघपाल वाळूजहून सेकंड शिफ्ट करून आला की मी त्याला जेवायच्या आधीच सांगायचे, आणि तो ताटाकडं पाहत ऐकायचा.

‘तू परत नेटवर बसली होती का?’

‘बसले होते. ते सोडा. तुम्ही एकदा सकाळी उठून तिचे डोळे पाहा.’

‘झोपेत असती गं ती तवा. मी पण उठल्यावर अर्धा तास असाच असतो, विचार आईला.’

‘मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टर आहेत, लहान मुलांच्या. मी नंबर घेतलाय. बुधवारी दुपारी.’

त्यानं घास खाली ठेवला. ‘बुधवारी पौर्णिमा हाय.’

‘सकाळी आहे ना विहारात?’

‘लोक थांबतील, जेवणं होतील. अप्पांनी समद्या गल्लीला सांगून ठेवलंय की नात येणार म्हणून. विशाखा, त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा स्वतःहून लोकांना फोन करून चांगलं कायतरी सांगितलंय. पुढच्या आठवड्यात जाऊ की. एका आठवड्यानं काय होतंय?’

एका आठवड्यानं काय होतं हे मला सांगता आलं नाही, कारण ते शब्दांत नव्हतं, ते मला दिसत होतं: आत, बोटाच्या पेरात हजारो मावतील अशा जागी, जुनी तोटी निघते आहे, नवी बसते आहे, आणि नेमक्या त्याच वेळी हा पूर येऊन सगळं चुकीच्या जागी बसवून जातो आहे. जे शिकायचं ते राहून जातं आणि पूर मात्र ती शिकून घेते, रोज थोडा जास्त नीट. बाळाचा आठवडा आणि आपला आठवडा एक नसतो. मी ‘बरं’ म्हटलं. नंबर रद्द करते म्हटलं. तो समाधानानं जेवला.

मंगळवारी पुन्हा नळ आला. मोरीत कळशी लावून आत्याबाई उकिडव्या बसल्या होत्या आणि मी खेमाला खांद्यावर घेऊन दारात उभी होते. पाण्याचा आवाज मोठा असला की त्या बोलतात. घरात शांतता असताना त्यांनी महत्त्वाचं काही बोललेलं मला आठवत नाही. ‘सोयगावला आमच्या चुलतदिराची एक पोरगी होती,’ त्या कळशीकडं पाहत म्हणाल्या. ‘ती बी अशी वाकायची. बारकी असताना. आम्ही म्हणायचो, नमन करती, गुणाची हाय.’

‘मग?’

‘मंग काय. मोठी झाली. दारात बसवायचे तिला सकाळी, सांजच्याला आत घ्यायचे. माशी बसली तोंडावर तरी हाकलायला हात उचलायची नाय. चौदा-पंधराची असताना गेली.’ कळशी भरून वाहायला लागली होती, त्या ती बाजूला घेत नव्हत्या. ‘मी बोलले नाय. म्हणलं, बोलू नाय असलं. तू जा तिला घेऊन.’

‘अप्पा?’

‘त्यांचं मी काय सांगू,’ त्या म्हणाल्या आणि कळशी काढली.

विहार आमच्या भावसिंगपुऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून. वर्षावास, म्हणजे भंतेजींचा पावसाळ्यातला एकाच जागचा मुक्काम, चालू होता, त्यामुळं पौर्णिमेला नेहमीपेक्षा जास्त माणसं. पांढऱ्या साड्यांच्या रांगा, पांढरे सदरे, मोगऱ्याचा आणि मेणबत्तीचा वास. संघपालची शिफ्ट बदलली होती, तो फर्स्टला गेला होता. खेमाला आत्याबाईंनी पांढरं झबलं घातलं होतं आणि ती अप्पांच्या खांद्यावर झोपली होती, पहिल्या रांगेत. मी बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत, आणि माझ्या पर्समध्ये तिची लसीची फाइल, दोन दुपटी आणि न रद्द केलेला नंबर. मी अजून ठरवलं नव्हतं. ती उठली नाही तर, मी स्वतःला सांगत होते, ती जेवणं होईपर्यंत झोपून राहिली तर. भंतेजींनी सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायला सांगितलं. सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. मिटलेल्या चेहऱ्यांच्या त्या एवढ्या मोठ्या खोलीत मी एकटी उघड्या डोळ्यांची, आणि मला माझ्याच श्वासाचा आवाज येत होता, पंख्याचा येत होता, आणि मग अप्पांच्या खांद्यावर ते पांढरं झबलं हललं. त्यांनी तिला खाली मांडीवर घेतलं, समोर तोंड करून, रोजच्यासारखं. मान पुढं आली. हात जवळ आले. कुणीतरी डोळे उघडले असावेत, कारण बायकांतून कुजबुज आली, ‘अगं, बघ तरी, केवढंसं लेकरू,’ आणि मग डोळे उघडत गेले, रांगेमागून रांग, आणि पुढच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं भरलेल्या आवाजात म्हटलं, साधु. सगळ्यांनी म्हटलं, साधु. साधु. ते तीनदाच म्हणतात. खेमा तीनवर थांबली नाही. चौथ्यांदा ती वाकली तेव्हा खोलीत कौतुकाचं हसू होतं, पुढच्या वेळी ते जरा विरळ झालं, आणि त्यानंतरच्या वेळी मी उभी होते आणि माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढं जात होते.

‘अप्पा, तिला इकडं द्या.’

‘खाली बस विशाखा. ध्यान चालू हाय.’

‘हे वंदन नाही, अप्पा.’

मी हळूच बोलले होते, पण तिथं हळू असं काही उरलं नव्हतं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते विचारत होते. तूच सांगितलं होतंस ना, असं. भंतेजींनी आसनावरूनच शांतपणे म्हटलं, ‘बाळ आईकडं द्या,’ आणि अप्पांचे हात सैल झाले.

मी बाहेर आले ती अनवाणीच. पावसानं दडी मारलेली, ऊन चढलं होतं, डांबर पायाला चिकटत होतं, आणि खेमा माझ्या खांद्यावर थकून रडत होती. कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा मागून पावलं आली. अप्पा. त्यांच्या एका हातात त्यांच्या चपला होत्या, दुसऱ्या हातात माझ्या. ‘घाल आधी,’ त्यांनी त्या माझ्यापुढं वाकून ठेवल्या. ‘पाय भाजतेल.’ मग उभं राहून त्यांनी घाम पुसला. ‘समद्यांसमोर,’ ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ‘कुठं जायचंय?’

‘तुम्ही जा परत आत. लोक थांबलेत.’

‘थांबू दे. नात काय तुझ्या एकटीची हाय?’ त्यांनी रिक्षाला हात केला.

पाणचक्कीच्या रस्त्यानं रिक्षा आदळत चालली होती आणि मी प्रत्येक आदळण्यातून खड्ड्याचा धक्का वजा करून तिचा धक्का उरतो का ते पाहत होते. अप्पा बाहेर पाहत होते. मला त्यांना सांगायचं होतं की माझी चूकही असू शकते, आणि त्याच वेळी मी मनात घोकत होते की चूक होऊ नये. म्हणजे मी काय मागत होते? माझ्या मुलीला हे दुखणं असावं? तो विचार मला तिथं रिक्षात आला आणि मी तो पूर्ण होऊ दिला नाही. दवाखान्यात डॉ. निखत नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ढकललेला. त्यांनी खेमाला हातात घेतलं, तिच्या डोळ्यांसमोर लाल गोंडा हलवला, बराच वेळ हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘इथं ती करून दाखवणार नाही. व्हिडिओ है क्या कोई?’

मी काढलेला नव्हता. ते करताना तिच्याकडं मोबाइल धरणं मला जमलं नव्हतं. मग अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून आपला मोबाइल काढला, बोटानं बराच वेळ शोधलं, खरं तर शोधायला काहीच नव्हतं, त्यात दुसरं काहीच नसतं, आणि तो डॉक्टरांपुढं टेबलावर ठेवला. पडद्यावर खेमा वाकली. फोनमधून अप्पांचा आवाज आला, सकाळचा, आनंदानं फुटलेला: साधु, साधु, साधु. शाब्बास माझी बाय. आणखी एकदा. हां. आणखी एकदा. डॉक्टरबाईंनी आवाज कमी केला नाही. ती नेमकी कधी रडते ते त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. प्रत्येकात तोच आवाज. अप्पा खुर्चीत ताठ बसून आपला आवाज ऐकत होते, आणि मी पाहिलं की त्यांचे गुडघ्यावरचे हात एकमेकांपासून लांब ठेवलेले आहेत.

‘हा फेफऱ्याचाच एक प्रकार आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बाळांचा. ह्याच वयात सुरू होतो. जुन्या पुस्तकांत ह्याला सलामचे झटके म्हणायचे, कारण ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांनाही सलामच दिसला होता. दिसतोच तसा. मेंदूचा आलेख, ईईजी, उद्या सकाळी करू, औषध लगेच सुरू करायचंय.’ मग माझ्याकडं वळून, ‘तुम्ही काय शिकलात?’

‘एमएस्सी. ग्लुटामेट रिसेप्टरवर सेमिनार दिला होता,’ मी म्हटलं, आणि ते वाक्य इतकं निरुपयोगी वाटलं की मला मध्येच थांबावंसं वाटलं.

‘मग तुम्हाला मी काय सांगू. वक्त कम है. पर वक्त है.’

अप्पांनी तेव्हा तोंड उघडलं. ‘मॅडम, मी रोज तिचे हात जोडत होतो. सकाळी. तिच्या कानाशी म्हणायचो. त्याच्यानं तर नाय ना बसलं हे, डोक्यात?’ डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला आणि त्यांच्याकडं नीट पाहिलं. ‘नाही बाबा. तुम्ही एक शब्द बोलला नसता तरी हे झालं असतं. उलट तुम्ही हे सगळं रेकॉर्ड केलं म्हणून मला दिसलं. लोक गॅस समजून महिने घालवतात.’ अप्पांनी मान हलवली. ऐकलं असं मला वाटलं नाही. तूच सांगितलं होतंस, हे ते आता म्हणतील असं मला परतीच्या सबंध वाटेत वाटत होतं, आणि ते म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं की मी ते ऐकायला थांबले होते.

ईईजीसाठी तिच्या डोक्याचं तेल धुवावं लागलं. आत्याबाईंनी जन्मल्यापासून रोज टाळूवर घातलेलं खोबरेल. ते निघाल्यावर तिच्या डोक्याला वास उरला नाही आणि क्षणभर मला ती कुणाची तरी वाटली. तिला जागं ठेवून मग झोपवलं, केसांत चिकट मलम आणि रंगीत तारा, आणि पडद्यावर तिचा मेंदू लिहिला जाऊ लागला. मला वाचता येत नव्हतं आणि तरी वाचता आलं. कुठंच कसला ताल नव्हता. उंच, वेड्यावाकड्या लाटा, सगळ्या खोल्यांतल्या सगळ्या तोट्या उघड्या आणि घरात कुणीच नाही. संघपाल माझ्या शेजारी उभा होता, कंपनीचा निळा शर्ट तसाच. त्यानं पडद्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याचा वळ दोन दिवस राहिला.

औषध म्हणजे स्टेरॉइड, साखरेत कालवून तरी कडू. खेमाचा चेहरा फुगला, गाल ओघळले, ती सारखी भुकेली आणि सारखी चिडलेली. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं सगळं, तरी ते सांगितलेलं होतं म्हणून सोपं होत नव्हतं. पाहुण्यांना येऊ द्यायचं नव्हतं, संसर्गाची भीती. पण गल्लीतली माणसं दारापर्यंत यायचीच, आणि दारात आलं की सवयीनं हात जोडून ‘जय भीम’ म्हणायची. अप्पा तेव्हा पुढं व्हायचे आणि आलेल्याचे हात जुळायच्या आत ते आपल्या दोन्ही हातांत धरायचे, एवढे घट्ट की समोरचा गोंधळायचा. आमच्या घरात कुणी हात जोडेनासं झालं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. सकाळची वंदना अप्पा गच्चीवर टाकीच्या आडोशाला करायला लागले, ओठांतल्या ओठांत. अप्पा व्हिडिओ टाकायचे त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, नातीचा नवा व्हिडिओ नाही बरेच दिवसांत, तर त्यांनी उत्तर दिलं नाही. रोज सकाळी खेमा उठायची तेव्हा मात्र ते जिन्यात येऊन उभे राहायचे, अर्ध्यावर, तिथंच, रिकाम्या हातांनी. आधी ओळ लहान झाली. मग एक सकाळ कोरडी गेली, ती एकदाही वाकली नाही. मग आणखी. दुसऱ्या ईईजीला डॉ. निखत म्हणाल्या, पाणी ओसरलंय. खाली काय शिल्लक आहे ते आता महिन्यामहिन्यानं कळेल. मान उशिरा धरली. बसणं उशिरा. डोळे मात्र हळूहळू परत आले. एका दुपारी मला खरीच शिंक आली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, हसली नाही, पण विचारात पडल्यासारखं पाहिलं, आणि मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

औषध कमी करत आणून थांबवलं, आणि थांबवल्यानंतरचे दिवस औषधाच्या दिवसांपेक्षा जड गेले. परत येऊ शकतं, असं सांगितलेलं होतं. आता मी झोपेतून उठतानाच नाही तर कधीही पाहायचे, आणि माझं हे पाहणं तिच्याही अंगावर जात असेल का, असं मनात यायचं. ज्या तोट्या अजून बदलायच्या आहेत त्यांतून तिच्या आत रोज माझा हा घाबरलेला चेहरा भरला जात असेल, आणि पुढं कधीतरी तिला तो जगाचाच चेहरा वाटेल. मग मी चेहरा मऊ करायचे. मऊ केलेला चेहराही मुलांना कळतो.

त्या दिवशी नळ आला होता. खेमा पुढच्या खोलीत उशांच्या मध्ये बसली होती, जवळजवळ तिची ती. आत्याबाई अंगणातल्या तोटीशी, अप्पा टाकी पाहून नुकतेच खाली आलेले, हात ओले. दीपमालाताई रिकामी बादली घेऊन दारात आल्या, आमच्याकडं प्रेशर जास्त असतं म्हणून. बादली खाली ठेवून त्यांनी हात जोडले, ‘जय भीम अप्पा, एवढी एक भरून घेऊ का?’ आणि अप्पांचे हात ओले असल्यामुळं की काय, ते पुसण्यात तेवढा क्षण गेला. खेमा त्यांच्याकडं पाहत होती. तिचा डावा हात वर आला. पडला. तिनं त्या पडलेल्या हाताकडं पाहिलं. मग दोन्ही हात वर आले आणि छातीच्या दिशेनं निघाले.

मला उठता आलं नाही. अप्पा पंचा हातात घेऊन तसेच उभे राहिले. आत्याबाई दारात आल्या होत्या, त्या कधी आल्या ते मला कळलं नाही. अंगणात ड्रम भरला होता, मग काठोकाठ, मग वाहायला लागला. पाण्याचा तो जाड आवाज बदलून पातळ झाला आणि कुणी हललं नाही. ते पहिलं वंदन किती सुबक होतं. दोन्ही हात एकाच क्षणी, एकाच उंचीवर, मान बरोबर तेवढीच. एवढ्या लहान मुलाला एवढं नीट काही येत नाही, हे तेव्हाच कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. हे हात एकमेकांना चुकवत होते. एक तळवा दुसऱ्याच्या मनगटावर जाऊन आदळला, बोटं झबल्याच्या नाडीत अडकली, ती सोडवताना ती एका बाजूला कलंडायला लागली आणि सावरली. आणि हे सगळं चालू असताना तिचे डोळे दीपमालाताईंच्या हातांवर होते. एकदाही हलले नाहीत तिथून. मान पुढं आली की नाही ते मला सांगता येणार नाही. थोडी आली असेल.

‘अय्या,’ दीपमालाताई म्हणाल्या, ‘आणखी एकदा कर ना गं.’

पूर्वी ओळीतल्या दुसऱ्याला फार वेळ लागायचा नाही, एखादा श्वास, फार तर दोन. अप्पा तिच्यासमोर खाली बसले होते, हात मागं धरून, आणि त्यांचे ओठ हलत होते, पण ते काही म्हणत नव्हते. माझ्या मांडीला तो जुना धक्का आठवत होता, मांडी अजूनही त्याच्यासाठी आवळून धरलेली. खेमानं नाडी तोंडात घातली. दीपमालाताईंची बादली पाहिली. दारातून येणारं, अंगणातून उंबऱ्यापर्यंत पोचलेलं पाणी पाहिलं. आम्ही तिघं तिच्याकडं पाहत बसलो, दुसरं येईल म्हणून, येऊ नये म्हणून.

आलं नाही. बऱ्याच वेळानं आत्याबाई वळल्या, पाण्यातून चालत अंगणात गेल्या, आणि तोटी बंद केल्याचा आवाज आला.